भिशीचे साठ हजार आणि १०६ घोडे

भिशीची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली, तेव्हा सगळ्याजणींनी एकच प्रश्न विचारला, ‘काय करणार गं पैशांचं?’ आम्ही बारा जणी, महिन्याला पाच हजार, म्हणजे साठ हजार. मागच्या खेपेला एकीनं पाटल्या मोडून नव्या केल्या होत्या, एकीनं स्वयंपाकघराची फरशी बदलली होती. मी म्हटलं, ‘गाडीवर घालणार आहे.’

‘नवी घेताय? डाउन पेमेंट?’

‘नाही गं. जुनीवरच.’

त्यावर जी शांतता पसरली ना, ती अजून आठवते. तेवढ्यात पोहे आले म्हणून बरं.

मैत्रिणींनो, आमची ही गाडी म्हणजे २००१ सालची होंडा सिटी, दीड लिटरची, व्हीटेकवाली. ह्यांनी २००६ मध्ये कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. बाहेरून बघाल तर साधी, चौकोनी, अंगानं खाली बसलेली गाडी. गडहिंग्लजच्या बाजारात उभी केली तर कुणी वळून बघणार नाही. पण बॉनेटखाली १०६ हॉर्सपॉवर! त्या काळी त्याच आकाराच्या बऱ्याच गाड्यांची धाव पंच्याऐंशी-नव्वदपर्यंत असायची. पुढं २००३ मध्ये नव्या रूपातली सिटी आली ती ७७ हॉर्सपॉवरची, जास्त मायलेज देणारी. त्यामुळं ही जुनी व्हीटेक शौकिनांच्या मनात घर करून राहिली.

मी गाडी शिकले ती याच गाडीवर. आणि आज इथं कबूलच करून टाकते, मला तिचा वेग आवडतो. बायकांच्या पुरवणीत असं लिहायचं नसतं, ‘मला गाडी चालवता येते, त्यामुळं आत्मविश्वास वाढला’ इतपतच चालतं. पण खरं सांगते, चढावर दुसऱ्या गिअरला पाय दाबला की एका क्षणी तिचा आवाजच बदलतो आणि ती पुढं झेपावते, ते मला फार आवडतं. त्याचं कारण आमच्या मिस्त्रींनी एकदा समजावून दिलं होतं. इंजिनात हवा आत घ्यायच्या झडपा असतात. सावकाश चालताना त्या बेतानं उघडतात, पेट्रोल वाचतं. फेऱ्या वाढल्या की ऑइलच्या दाबानं आत एक छोटी पिन सरकते आणि त्याच झडपा जास्त उघडायला लागतात, जास्त वेळ उघड्या राहतात. निखाऱ्यावर कुणी एकदम भाता मारावा तसं.

तर विषय हा, की साठ हजार कुठं घालायचे? आणि तो निघाला २०२४ च्या जुलैमध्ये, आंबोलीच्या घाटात.

माझं माहेर सावंतवाडीचं. त्या वर्षी मे महिन्यात आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हिंडणं-फिरणं बंद. भाऊ पुण्यात. त्यामुळं दर पंधरा दिवसांनी शनिवारी पतसंस्थेतून सुटले की मी गाडी काढायची, आजरा, आंबोली करत संध्याकाळी माहेरी. ह्यांना साखरेमुळं डोळ्यांचा त्रास, रात्रीचं चालवता येत नाही. म्हणजे गाडी मीच चालवायची, हे ठरलेलं.

त्या शनिवारी आंबोली सोडली आणि उतार लागला. धुकं असं की बॉनेटच्या पुढं काही दिसेना. वरून पाऊस. मी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय सारखा ब्रेकवर. (चूक माझीच. उतारावर दुसऱ्यात उतरायचं, हे मला शिकवलेलं होतं. पण घाई होती.) अर्ध्या उताराला लक्षात आलं, ब्रेकचं पेडल मऊ लागतंय. लोण्यात पाय गेल्यासारखं. पुढच्या वळणावर धबधब्यापाशी पर्यटकांची गर्दी, एक टेम्पो रस्त्यातच उभा. मी पेडल पार खाली दाबलं, गिअर खाली ओढला, हँडब्रेक लावला. मागचं चाक घसरलं. टेम्पोच्या फळक्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. टेम्पोमागं एक बाई भाजलेलं कणीस खात उभी होती. तिनं कणीस खाली टाकलं, एवढंच मला आठवतं.

आईला काही सांगितलं नाही. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, ‘विकून टाकू या. भंगारात घातली तरी चालेल.’ बरोबरच होतं त्यांचं. पण त्या पैशात दुसरी गाडी येणार नव्हती आणि सावंतवाडीला जाणं थांबणार नव्हतं. शिवाय मन ऐकत नव्हतं, ते वेगळंच.

चिरंजीवांना कोल्हापुरात कळलं, तर त्यांनी भलतीच यादी आणली. लेक बावीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, मोबाइल म्हणजे त्याचा पाचवा वेद. ‘आई, साठ हजारांत गाडीचा कायापालट करू. फ्री-फ्लो सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, सोळा इंची मॅग व्हील, स्प्रिंगा जरा खाली. उरलेल्या पैशात चिप.’

‘आणि ब्रेक?’

‘ब्रेक काय, पॅड टाकले की झालं.’

मी त्याला घेऊन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेले. ज्यांनी उद्यमनगर पाहिलं नाही त्यांना सांगते, तिथं गल्लीगल्लीत लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग. लोखंडाच्या चुऱ्याचा आणि कूलंटचा एक खास वास येतो. आमचे मिस्त्री तिथल्याच एका बोळात, चाळीस वर्षं. लेकानं यादी वाचून दाखवली. मिस्त्रींनी ती शांतपणे ऐकली आणि मलाच म्हणाले, ‘वैनी, इंजिनाला काय धाड भरलीया? आधी थांबायचं बघा, मग पळायचं बघू.’

मग त्यांनी गाडी जॅकवर चढवली आणि एकेक काढून माझ्या हातात द्यायला सुरुवात केली.

पहिलं म्हणजे ब्रेक ऑइल. बाटलीत काढलं तर कोरा चहा! हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, हे मला ठाऊकच नव्हतं. कंपनीनं भरलेलं ताजं डॉट-थ्री ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट-फोर २३० पर्यंत. पण पाणी मुरलं की तेच १४० आणि १५५ वर येतं. घाटात सारखा ब्रेक दाबला की डिस्क तापते, उष्णता ऑइलपर्यंत जाते, आतलं पाणी उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून ते पेडल लोण्यासारखं लागलं. साधारण दोन वर्षांनी हे ऑइल बदलायचं असतं. आमचं कधी बदललं होतं? मी आणि लेक एकमेकांकडं बघत राहिलो. इंजिन ऑइल आम्ही न चुकता बदलत होतो हो. ब्रेकचं ऑइल ‘कमी झालं की वरून घालायचं’ एवढंच माहीत.

दुसरं, टायर. नक्षी चांगली खोल दिसत होती, म्हणून मी निर्धास्त. मिस्त्रींनी टायरच्या कडेला चार आकडे दाखवले, २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. आठ वर्षांचं रबर! नखानं दाबून बघितलं तर खापरासारखं कडक. ओल्या रस्त्याला ते काय धरणार? तुमच्या गाडीचे हे चार आकडे आजच बघा. सेकंडहँड गाडी घेताना तर आधी तेच बघा, मग सीटकव्हर.

मागच्या एका ड्रममध्ये सिलिंडर पाझरत होता, ब्रेक शूवर ऑइल. पुढच्या डिस्क इतक्या झिजलेल्या की किमान जाडी किती हवी हे डिस्कवरच कोरलेलं असतं, त्याच्याही खाली गेलेल्या. शॉक अॅब्सॉर्बर मेलेले. चाकांच्या दांड्यांचे रबरी बुश वाटाण्याच्या सालीसारखे चिरलेले. एवढं सगळं खिळखिळं, आणि वर १०६ घोडे. त्यात लेकाला आणखी दहा हवे होते!

आता लेकाच्या यादीकडं येते, कारण ती यादी बऱ्याच घरांत येते. तुमच्या घरात मुलगा असेल, दीर असेल, भाचा असेल तर येणारच.

फ्री-फ्लो सायलेन्सर म्हणजे धूर बाहेर जायला मोकळी वाट. टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनाला त्यानं थोडीफार ताकद मिळते, तीही वरच्या फेऱ्यांवर. कित्येकदा खालच्या फेऱ्यांवरची ओढ उलट कमी होते, आणि घाट चढताना लागते तीच. आवाज मात्र नक्की वाढतो. उघडा एअर फिल्टर दिसतो झकास, पण तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणजे ताकद कमी. कंपनीचा बंद डबा बाहेरची गार हवा घेतो, तोच बरा. चिपचंही तसंच. टर्बो गाडीत तिचा चांगला फरक पडतो, आमच्यासारख्या साध्या श्वासाच्या इंजिनात फारसा नाही.

सोळा इंची चाकांचा हिशोब मी स्वतः केला, भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर. आमच्या टायरचं माप १७५/७० आर १३. म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या सत्तर टक्के, रिम तेरा इंची. पूर्ण चाकाचा व्यास आला ५७५ मिलिमीटर. लेकानं निवडलेलं चाक होतं २०५/५० आर १६, त्याचा व्यास ६११. सहा टक्क्यांनी मोठं. म्हणजे काटा ८० दाखवणार तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८५ नं पळणार, आणि चाक मोठं व जड झाल्यामुळं ओढ कमीच होणार. पैसे देऊन ताकद घालवायची! १८५/६० आर १४ घेतलं तर व्यास ५७८ येतो, जवळपास तेवढाच. त्याचा मोह मलाही झाला. पण रिमांचे पैसे वेगळे, आणि कंपनीनं सांगितलेल्या मापाबाहेर जायचं नाही असं मी ठरवलं होतं. तेरा इंचीच ठेवली, मात्र टायर ओल्या रस्त्यावर धरणारे, निवडून घेतले.

राहिल्या स्प्रिंगा. ‘खाली करायच्या’ म्हणजे बऱ्याच ठिकाणी चक्क कापतात. कापलेली स्प्रिंग कडक होते, जागेवर नीट बसत नाही, खड्ड्यात निसटूही शकते. मिस्त्रींनी कोपऱ्यात पडलेली एक अशी स्प्रिंग लेकाच्या हातात दिली आणि ती कुठल्या गाडीची ते सांगितलं. लेक गप्प झाला. ती गोष्ट इथं लिहीत नाही.

कायद्याचं एक सांगायलाच हवं, कारण ते भरायला आपल्यालाच लागतं. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ रचनेहून वेगळा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागं मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मालक म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव तो. किंवा ती! सायलेन्सर लेकाचा, दंड आईचा. विमा कंपनीला न कळवलेला बदल असला तर अपघातानंतर क्लेमला अडचण, ती वेगळी. आणि आमचं तर दर पाच वर्षांनी पासिंग असतं. गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा २०१६ ला केलं, मग २०२१ ला. पुढचं २०२६ ला यायचं होतं. आरटीओत बोंबलणारा सायलेन्सर घेऊन कोण उभं राहणार?

परतताना कागलपर्यंत लेक काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पण आई, मग गाडी फास्ट कशी होणार?’ प्रश्न प्रामाणिक होता. माझाही तोच होता, मी फक्त विचारला नव्हता.

उत्तर मिस्त्रींनी पुढच्या खेपेला दिलं. त्यांनी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, ते जवळपास सारखं भरलं. म्हणजे इंजिनाचं काळीज शाबूत. ‘घोडं हायती वैनी, बांधून ठेवल्यात नुसतं,’ म्हणाले. टॅपेट ढळलेले, प्लग झिजलेले, थ्रॉटलच्या तोंडाशी काजळी, इंजिन ज्या रबरावर बसतं ते माउंटिंग फाटलेलं, आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची नोंदच नाही. तो तुटला तर पिस्टन जाऊन झडपांवर आदळतात, मग इंजिनच उघडावं लागतं. जे कागदावर १०६ आहेत, ते आधी परत मिळवा, नवे मागाहून विकत घ्या, असा सगळा मामला.

आणि एक गोष्ट फुकटात झाली. डिकी रिकामी केली. काय निघालं विचारू नका. लग्नातलं एक पातेलं, रंगाचा अर्धा डबा, लेकाचं शाळेतलं क्रिकेट किट, एक जुना स्टेबिलायझर आणि तांदळाची दहा किलोची पिशवी, जी हरवली म्हणून मी दुकानदाराशी भांडले होते. तीस-पस्तीस किलो सहज असेल. ते ओझं आम्ही दर खेपेला घाट चढवत होतो.

खर्च सांगते, कारण तुम्ही विचारणारच. टायर चार मिळून १८ हजार ४००. ब्रेकला नव्या डिस्क, पॅड, मागचे सिलिंडर, रबरी पाइप, ऑइल धरून ९ हजार २००. पॅड घेताना लेकाला पुन्हा एकदा ‘रेसिंगचे’ हवे होते. पण ते तापल्यावर धरतात, गार असताना नाही, आणि सकाळी दुधाच्या डेअरीपाशी एखादं पोर आडवं आलं तर पॅड गारच असणार. साधे, चांगल्या कंपनीचे घेतले. शॉक अॅब्सॉर्बर, बुश, अलाइनमेंट मिळून १६ हजार ५००. इंजिनाचं सगळं १० हजार ८००. दिव्यांना रिले बसवला, १ हजार ६०० मजुरीसकट. बल्ब तेच ठेवले. पूर्वी करंट सगळा जुन्या बटणातून आणि लांबलचक वायरमधून फिरून यायचा, दिवे पिवळट पडायचे. रिलेमुळं तो बॅटरीतून थेट येतो. मला विचाराल तर सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त समाधान हेच.

पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील बदलले, १ हजार ९००. त्याचं कारण आपल्या भागाला जवळचं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते आपल्याच उसापासूनही होतं. कारखान्याचं भलं, शेतकऱ्याचं भलं, पण २००१ ची गाडी तेवढं इथेनॉल धरून बनवलेली नाही. जुनं रबर त्यानं फुगतं, चिरतं. मायलेजही थोडं उतरतं. नवे पाइप इथेनॉलला टिकणारे मागून घ्या, आणि पेट्रोलचा वास आला तर तो ‘जुनी गाडी आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

एकूण ५८ हजार ४००. उरलेल्या सोळाशेत भिशीच्या सगळ्याजणींना मिसळ घातली. पाटल्यावालीनं तर्री मागून घेतली आणि विचारलं, ‘मग दिसायला काय फरक पडला?’ म्हटलं, काहीच नाही. दारावरचा ओरखडासुद्धा तिथंच आहे.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी निघाले. लेक शेजारी बसला होता, हे मागं. आजऱ्याच्या पुढं एका मोकळ्या चढावर, मागंपुढं कुणी नाही बघून, दुसऱ्यात टाकून पाय दाबला. सत्तरच्या आतच, पण तो आवाज बदलला आणि पाठ सीटला टेकली. अठरा वर्षांत ही गाडी माझ्या हाती अशी कधी पळाली नव्हती. लेक हसायला लागला. मागून हे म्हणाले, ‘अगं, हळू!’ पण त्यांच्याही आवाजात राग नव्हता.

आंबोलीच्या उताराला मी दुसऱ्यात उतरले. त्याच वळणावर आले तेव्हा रस्ता ओलाच होता. मुद्दाम जरा आधी ब्रेक दाबून बघितला. पेडल वरच, घट्ट. गाडी सरळ रेषेत थांबत आली. कणीसवाली तिथं होती, म्हणून उतरून तीन कणसं घेतली. तिनं मला ओळखलं नाही, मीही काही बोलले नाही.

आईला त्या दिवशी पहिल्यांदा गाडीत बसवून मोती तलावापर्यंत नेलं. वॉकर मागच्या सीटवर. रस्त्यात खड्डा आला की ती खुब्याला हात लावायची, दोन-तीन खड्ड्यांनंतर हात मांडीवर ठेवला. मग म्हणाली, ‘नवीन घेतलीस काय गो?’

पुढच्या फेरीची भिशी सुरू झाली आहे. लेकानं सायलेन्सरचा भाव पुन्हा काढून ठेवलाय, यावेळी म्हणे कमी आवाजाचा. मिस्त्री मात्र रेडिएटरकडं बोट दाखवतायत.